बूच किती नंबरचं?
घरी बिअर करायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७९पासून मुभा आहे. ती आंबवायच्या एक गॅलनच्या काचेच्या बाटलीला साधारण ६ नंबरचं रबरी बूच बसतं, पाच गॅलनच्या बरणीला साडेसहा किंवा ७. भोकाचंच घ्यावं, त्यात एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप) बसतो. आंबत असताना फिरकीचं झाकण गच्च आवळलंत, तर बाटली फुटलीच समजा! ओल्या काचेवरून बूच हळूहळू वर सरकतं, म्हणून दोन्ही कोरडी पुसावीत. ॲरिझोनातल्या चँडलर शहरात खरी मेख मात्र हवेत आहे. वाळवंटी कोरडेपणाने एअरलॉकमधलं पाणी भराभर उडतं, ते रोज बघावं लागतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. गरम खोलीत फेस उसळून एअरलॉक तुंबतो. सुरुवातीचे दोन-तीन दिवस त्याऐवजी जाड नळी लावून तिचं टोक पाण्यात सोडलेलं बरं.