संचिका-गुणधर्म : नामांतर व स्थलांतर

संगणकातील संचिकेच्या (फाईलच्या) मजकुराव्यतिरिक्त तिच्याविषयी जी माहिती यंत्रणा वेगळी जतन करते, तिला संचिकेचे गुणधर्म म्हणतात. शेवटच्या बदलाची वेळ, मालक, वाचण्या-लिहिण्याचे परवाने, ‘केवळ वाचनासाठी’ अथवा ‘लपविलेली’ या खुणा हे त्यांतील प्रमुख होत. संचिकेचे नाव बदलले किंवा ती हलविली, तर यांपैकी काय टिकावे व काय बदलावे, हा प्रश्न संगणकापूर्वीच्या दप्तरव्यवस्थेतही होता.

दप्तरातील पूर्वपरंपरा : महाराष्ट्राच्या महसुली अभिलेखांत जमिनीचा धारक बदलला, की गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंद होते. ती प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावरील जुन्या नावास कंस करून नवे नाव लिहितात. गट क्रमांक मात्र तोच राहतो आणि भोगवटादार वर्ग २ ची जमीन केवळ धारक बदलल्याने वर्ग १ ची होत नाही. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्यादेवी होळकर यांचे जन्मस्थान. त्यांच्या नावावरून २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले. त्यामुळे जामखेडच्या शेतकऱ्याच्या गटाचे क्षेत्र किंवा त्यावरील बोजा बदलला नाही. २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्याचा ५२२ हा संकेतांकही नावावर अवलंबून नव्हता. ओळख नावाहून वेगळी ठेवली, म्हणजे नामांतराने हक्क ढळत नाहीत.

नामांतर : युनिक्स प्रणालीत (१९६९ पासून) हेच तत्त्व आढळते. संचिकेचे नाव फोल्डरमध्ये असते, तर मालक, परवाने व वेळा क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र नोंदीत असतात. नाव बदलल्याने मजकुराच्या बदलाची वेळ किंवा परवाने बदलत नाहीत. याउलट, जो गुणधर्म नावालाच जोडलेला असतो, तो नावाबरोबर जातो. उदा., युनिक्समध्ये नावाच्या आरंभीचा टिंब काढताच लपविलेली संचिका यादीत दिसू लागते. विंडोजमध्ये ही खूण नावापासून अलग असल्याने टिकते.

स्थलांतर : डिस्कच्या एकाच विभागात संचिका हलविताना सामान्यतः केवळ फोल्डरमधील नोंद बदलते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत अशा वेळी जुने परवाने कायम राहतात. परिणामी सर्वांस खुली असलेली संचिका गोपनीय फोल्डरमध्ये ठेवूनही खुलीच राहू शकते. दुसऱ्या विभागात हलविताना वस्तुतः प्रत काढून मूळ संचिका पुसली जाते, आणि नव्या प्रतीस सामान्यतः तेथील फोल्डरचे परवाने लागू होतात. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर तर मालक व परवाने साठविण्याची सोयच नसते, म्हणून ते तेथे लुप्त होतात.

इष्ट नियम : मजकुराशी संबंधित गुणधर्म, विशेषतः त्याच्या बदलाची वेळ, संचिकेबरोबर जावेत. प्रवेशाचे परवाने स्थानावर अवलंबून असल्याने स्थलांतरानंतर ते पुन्हा तपासावेत. नामांतर वा स्थलांतर कोणी व केव्हा केले, याची नोंद मात्र स्वतंत्र असावी. अनेक युनिक्स यंत्रणांत गुणधर्म-नोंदीतील बदलाची वेळ अशा प्रसंगी नवी होते, पण जुने नाव तेथे उरत नाही. यास्तव पुरावा म्हणून जपावयाच्या दस्तऐवजांसाठी गाव नमुना सहासारखी वेगळी नोंदवही आवश्यक ठरते. ती नसेल तर संचिका शाबूत असूनही तिचा पूर्वेतिहास सिद्ध करता येत नाही.