ट्रॅक्टरवाल्याची मोटार

धाराशिवच्या काळ्या रानात नांगरटीला पन्नासेक अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरतो. इटलीच्या लॅम्बोर्गिनी कंपनीने २०२३ साली काढलेल्या 'रेवुएल्टो' मोटारीची ताकद मात्र १,०१५ अश्वशक्ती! गंमत अशी, की या कंपनीचे संस्थापक फेरुच्चो लॅम्बोर्गिनी शेतकऱ्याचेच पुत्र. महायुद्धातून उरलेल्या लष्करी गाड्यांचे भाग जोडून त्यांनी १९४८ च्या सुमारास ट्रॅक्टर बनविले. मोटारीचा कारखाना १९६३ साली काढला. पुढे दोन्ही विकून ते द्राक्षबागेत रमले.

मोटारीची ताकद वेगात खर्च होते. ट्रॅक्टरचे गिअर वेग घटवून ओढ वाढवितात. ती मोटार आपल्या ढेकळांत रुतूनच बसेल. तेव्हा शेतकरी बंधूंनो, ट्रॅक्टर घेताना नुसता अश्वशक्तीचा आकडा पाहू नका. आपली जमीन आणि आपले काम पाहा.