"दहापैकी किती दुखतंय?" पॅलिएटिव्ह केअरमध्ये हे प्रश्न का विचारतात?

पॅलिएटिव्ह केअर सुरू असलेल्या रुग्णाला नर्स रोज विचारते, "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य, आज दुखणं किती?" कधी तीस प्रश्नांचा फॉर्म भरायला देतात. नातेवाईक वैतागतात: माणूस एवढा आजारी, आणि यांचं संशोधन चाललंय! हा वैताग मी समजू शकतो. पण गाठीचा आकार स्कॅनमध्ये मोजता येतो; वेदना, भीती, 'मी घरच्यांना ओझं झालोय' ही भावना फक्त रुग्णालाच माहीत असते. ती मोजण्याच्या पद्धती वैद्यकशास्त्राने बऱ्याच अंशी मानसशास्त्राकडून घेतल्या आहेत.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. 'किती दुखतं' याबरोबर 'कसं दुखतं' हेही तिने विचारलं. आपणही ठणका, चमक, जळजळ, कळ असे वेगवेगळे शब्द वापरतोच. डॉक्टरांना या शब्दांचा उपयोग होतो, कारण जळजळ आणि चमक नसांच्या दुखण्याकडे बोट दाखवतात आणि त्याची औषधं वेगळी असतात.

नैराश्य ओळखणं जास्त कठीण. भूक नाही, झोप नाही, सतत थकवा ही नैराश्याची लक्षणं आहेत, पण कॅन्सरची आणि औषधांचीही. म्हणून १९८३ मध्ये तयार झालेल्या 'हॅड्स' या १४ प्रश्नांच्या प्रश्नावलीत शारीरिक लक्षणं मुद्दाम टाळली आणि मनाबद्दलच विचारलं. पुढे १९९७ मध्ये कॅनडातील मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या टप्प्यातील १९७ रुग्णांवर अभ्यास केला. त्यात "तुम्हाला नैराश्य आलंय का?" हा एकच सरळ प्रश्न लांबलचक प्रश्नावल्यांपेक्षा सरस ठरला. नंतर इतर देशांत मात्र तो इतका अचूक ठरला नाही. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे किती आजी 'मला नैराश्य आलंय' असं म्हणतील? त्या म्हणतात, "कशात मन लागत नाही", "जीव नकोसा झालाय".

म्हणूनच प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर पुरत नाही. 'क्यूएलक्यू-सी३०' ही कॅन्सर रुग्णांची ३० प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही आहे. अशा भाषांतरात मजकूर मराठीत आणतात, दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घेतात, दोन्ही ताडून पाहतात आणि मग थोड्या रुग्णांना विचारतात, "या वाक्यातून तुम्हाला काय कळलं?"

आता घरच्यांविषयी. रुग्ण फार थकला की मुलगा किंवा सून उत्तर देते. असे अभ्यास बरेच झाले आहेत. उलटी झाली का, चालता येतं का, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत घरच्यांचं आणि रुग्णाचं उत्तर बऱ्यापैकी जुळतं. वेदना आणि मनःस्थितीबाबत मात्र फरक पडतो. बहुतेक वेळा घरचे त्रास जास्त सांगतात. यात कोणी खोटं बोलत नसतं. बघणाऱ्याचं स्वतःचं दुःखही त्या आकड्यात मिसळतं. उलट बाजूही आहे: मुलासमोर "मी बरी आहे" म्हणणारी आई तो चहा आणायला गेला की "आठ" सांगते. म्हणून आम्ही काही वेळ रुग्णाशी एकट्याने बोलायचं म्हणतो तेव्हा कृपया गैरसमज करून घेऊ नका.

आणखी एक गोष्ट घरच्यांना कोड्यात टाकते. प्रकृती खालावत असताना रुग्ण 'आयुष्य ठीक चाललंय' असे गुण देतो. मानसशास्त्रात याला 'रिस्पॉन्स शिफ्ट' म्हणतात, म्हणजे मोजायची पट्टीच आतून बदलते. पूर्वी चांगला दिवस म्हणजे कामावर जाणं. आता गॅलरीत बसून नातवाशी बोलणं. संशोधकांना हा बदल धरूनच निष्कर्ष काढावे लागतात.

अभ्यासात भाग घ्यायचा की नाही हे रुग्णाने ठरवायचं. मध्येच थांबता येतं, एखादा प्रश्न सोडता येतो, आणि त्यामुळे उपचारांत काहीही कमी होत नाही. आकडा सांगणं जमत नसेल तर "कालच्यापेक्षा जास्त" एवढं सांगितलं तरी चालतं. रुग्णाच्या वतीने तुम्ही उत्तर देत असाल तर ते तुमचं उत्तर आहे, असं नर्सला सांगा. तशी नोंद करता येते. मात्र "जगणं नको" असं रुग्ण बोलला, तर पुढच्या फॉर्मची वाट न पाहता त्याच दिवशी टीमला कळवा.