किक मारून दम लागण्यापूर्वी : मोटारसायकल सुरू होत नसेल तर काय पाहावे?



डिसेंबर महिन्यातली एक पहाट. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या आपल्या एका सभासदाच्या उसाला तोड आलेली. मुकादमाचा निरोप आला, "टोळी फडात बसली आहे, चिठ्ठी घेऊन लवकर या." हे गृहस्थ मोटारसायकलवर बसले, पण गाडी काही बोलेना. चाळीस किका मारल्या, चोक ओढला, शेजारच्या दोन पोरांनी गल्लीभर ढकलून पाहिली. "काल सांजेला तर बरी होती जी!" एवढेच ते म्हणत राहिले. अखेर पायी फडावर पोचले, तोवर टोळी दुसऱ्याच्या फडात शिरलेली. पाळी गेली ती दहा दिवसांनी आली.

आम्ही शेतकी विभागाची माणसे दिवसभर मोटारसायकलवरच असतो. त्यामुळे अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेखप्रपंच.

गाडी म्हणजे चूलच

चूल पेटत नसली तर घरातली बाई काय पाहते? लाकूड ओले आहे का, काडी पेटते का, वारा लागतो का. मोटारसायकलचेही तेच. पेट्रोल हे लाकूड, प्लगची ठिणगी ही काडी आणि एअर फिल्टरमधून येणारी हवा हा वारा. या तिन्हींपैकी एक चुकले की इंजिन पेटत नाही. म्हणून आंधळेपणाने किका न मारता एकेक गोष्ट क्रमाने पाहावी.

किक मारण्यापूर्वी

हसू नका, पण निम्म्या वेळा दोष येथेच सापडतो. चावी लावली आहे का? हँडलवरचे लाल बटण कुणा पोराने बंद केले नाही ना? पेट्रोलचा कॉक चालू आहे का? अलीकडच्या बऱ्याच गाड्या बाजूचा स्टँड खाली असला तर गिअरमध्ये चालूच होत नाहीत, तेही पाहा. टाकी हलवून आवाज ऐका. मात्र अंधारात काडी ओढून टाकीत कधीही पाहू नका. या एका चुकीने घरे जळाली आहेत, माणसे गेली आहेत. बॅटरी वापरावी.

लाकूड : पेट्रोल

कार्बोरेटरच्या तळाशी एक लहान स्क्रू असतो. तो ढिला करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. काहीच आले नाही तर कॉक किंवा नळी तुंबली आहे, नाहीतर टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. झाकण उघडताच 'सुस्स' आवाज येऊन पेट्रोल वाहू लागले, तर दोष झाकणाचा समजावा.

पेट्रोल आले तर बाटली दोन मिनिटे स्थिर ठेवा. खाली वेगळा थर बसला तर पेट्रोलमध्ये पाणी आहे. आपल्या त्या सभासदाच्या गाडीत हेच निघाले. फवारणी पंपासाठी पावसाळ्यात आणलेल्या पेट्रोलचा कॅन छपरीत उघड्या बुचाने पडून होता. आदल्या सांजेला त्यांनी तोच टाकीत ओतला. चालत्या गाडीच्या कार्बोरेटरात चांगले पेट्रोल होते म्हणून घरापर्यंत आली. रात्रभरात पाणी तळाला बसले.

येथे एक गोष्ट आपण ऊस उत्पादकांनी मुद्दाम समजून घ्यावी. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग २००१ साली आपल्याच राज्यात मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशात झाले. २०२५ पर्यंत हे प्रमाण देशभर सुमारे २० टक्क्यांवर आले. हे इथेनॉल उसाच्या मळीपासून व रसापासून होते, तसेच मका आणि तांदळापासूनही होते. म्हणजे आपल्या घामाचाच माल आपल्या टाकीत येतो. पण पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते तसा इथेनॉललाही ओलाव्याचा सोस. थोडे पाणी ते पोटात घेते. पाणी जास्त झाले की पेट्रोलची साथ सोडून पाण्यासह तळाला बसते. रिझर्व्हची नळी टाकीच्या अगदी तळातून निघते, म्हणून रिझर्व्हवर घेताच गाडी बंद पडली तर पहिला संशय पाण्याचा घ्यावा. यात इथेनॉलचा दोष नाही, साठवण्याचा आहे. पेट्रोल महिनोन् महिने साठवू नये. टाकी शक्यतो भरलेली ठेवावी आणि गाडी छपराखाली लावावी.

काडी : प्लग

पावसात किंवा गाडी धुतल्यावर सुरू होत नसेल तर प्लगची टोपी काढून आतबाहेर कोरड्या फडक्याने पुसा. एवढ्यानेही काम होते. नाही झाले तर प्लग खोला. टोक काळे असेल तर काजळी साफ करावी. कोरडे असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओले असेल तर गाडी 'ओव्हर' झाली आहे. अशा वेळी चोक व कॉक बंद करून, ॲक्सिलेटर पूर्ण पिळून आठ-दहा किका माराव्यात, म्हणजे जादा पेट्रोल निघून जाते.

ठिणगी पाहायची तर सांडलेले पेट्रोल पुसून, प्लग टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवा. प्लगच्या भोकापासून दूर धरा आणि किक मारा. निळसर, टणक ठिणगी चांगली. पिवळी, मरतुकडी असेल तर प्लग बदला. राजदूतच्या काळी पॉइंट घासून गाडी चालू करीत. आताच्या गाड्यांना पॉइंट नाहीत, तेव्हा उगाच घासाघीस नको.

वारा : हवा

भाताच्या मळणीचा भुसा आणि उसाच्या पाचटाची धूळ यांनी आपल्याकडे एअर फिल्टर लवकर तुंबतो. हंगामात तो दर महिन्याला पाहावा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर केले नाही ना, हेही पाहावे.

थंडीत व नव्या गाडीत

थंडीत गोंदियाचा पारा दहा अंशांखाली जातो तेव्हा पेट्रोलची वाफ नीट होत नाही. चोक ओढून, ॲक्सिलेटर न पिळता दोन-तीन किका माराव्यात. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आहे. चावी लावताच पंपाचा बारीक आवाज आला पाहिजे. तो आला नाही, किंवा इंजिनाचा पिवळा दिवा विझलाच नाही, तर बॅटरी व फ्यूज पाहून मिस्त्रीकडेच जावे.

किक अगदी हलकी, पोकळ लागत असेल तर आतला बिघाड समजावा. तेथे आपली हुशारी चालवू नये.

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला तर वजन व उतारा टिकतो, हे आपण जाणताच. म्हणून तोड येण्याच्या आदल्या सांजेलाच गाडी एकदा चालू करून पाहावी, आणि डिक्कीत प्लगचा पाना, कोरडे फडके व एक जादा प्लग ठेवावा. खर्च थोडा आहे. पाळी चुकली तर नुकसान मोठे आहे.