बिनआवाजाचे, म्हणून बिनधोक?

दिवाळीत घरोघरी फटाक्यांची वाटणी ठरलेली असते. सुतळी बॉम्ब आणि रॉकेट मोठ्यांकडे; फुलबाज्या, भुईचक्रं, नागगोळ्या पोरांकडे. आवाज नाही त्या फटाक्याला धोकाही नाही, अशी ही समजूत. ती साफ चुकीची आहे.

फुलबाजीचंच घ्या. हातावर पडलेली ठिणगी फारशी चटकत नाही, कारण तो कण अगदी बारीक असतो. जळत्या टोकाचं तापमान मात्र हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. पाणी शंभरालाच उकळतं. विझल्यावरही तार तापलेलीच राहते. मूल ती तिथेच टाकून दुसरी घ्यायला पळतं आणि मागून अनवाणी आलेल्या धाकट्याचा पाय नेमका तिच्यावर पडतो. म्हणून जवळ पाण्याची बादली हवी आणि विझलेली प्रत्येक फुलबाजी तिच्यात बुडवायची सवय मुलांना लावायला हवी.

नागगोळी तर तीन-चार वर्षांच्या मुलांनाही देतात. पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यार्थ्यांच्या मदतीने सहा प्रकारच्या फटाक्यांचा धूर मोजला होता. त्यात हजाराच्या माळेलाही मागे टाकून पहिली आली ती नागगोळी. अतिसूक्ष्म धूलिकणांचं प्रमाण घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत पोचलं होतं. आपल्याकडची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. आणि मुलं ती उकिडवी बसून, तोंड खाली घालून बघतात.

‘ग्रीन’ फटाक्यांबद्दलही असाच भ्रम आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या फटाक्यांत धूलिकण साधारण ३० टक्के कमी होतात. उरलेला धूर होतोच आणि चटका तर तेवढाच बसतो.

‘फटाक्यांचे नियम दिल्लीपुरते’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. खटला दिल्लीतला होता हे खरं. २०१५ मध्ये सहा ते चौदा महिन्यांच्या तीन बाळांच्या वतीने त्यांच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर २०१८ मध्ये आदेश आला: दिवाळीत रात्री ८ ते १० एवढीच वेळ, बेरियमचे क्षार आणि फटाक्यांच्या माळा बंद, ऑनलाइन विक्री बंद. हे आदेश देशभर लागू आहेत, असं न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानेही ८ ते १० हीच वेळ ठरवून दिली. रुग्णालयासारख्या शांतता क्षेत्रात तर त्या दोन तासांतही फटाके वाजवता येत नाहीत. दारात माळ लावणं म्हणजे नियम मोडणं, हे अजून किती घरांना ठाऊक आहे?

सगळ्यात जास्त भीती वाटते ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळची. मोठी माणसं झोपलेली आणि मुलं अंगणात फुसके फटाके वेचत असतात. वात जळली म्हणजे फटाका मेला, असं त्यांना वाटतं. मग ते सोलून दारू कागदावर काढायची आणि काडी लावायची. ही दारू फुटत नाही, भपकन पेटते, तीही वाकलेल्या चेहऱ्यासमोर. रात्रीच सगळे फुसके फटाके बादलीत भिजवून टाकले, तर सकाळी वेचायला काही उरत नाही.

घरगुती जुगाड तर याहून घातक. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात प्लॅस्टिकच्या पाइपची ‘कार्बाइड गन’ उडवताना शंभराहून अधिक जणांच्या, मुख्यतः मुलांच्या, डोळ्यांना इजा झाली. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. बार उडाला नाही म्हणून मूल नळीत डोकावतं आणि त्याच क्षणी तो पेटतो.

भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, बर्फ यांतलं काही लावू नका. भाजलेला भाग वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. डोळ्याला मार लागला असेल, तर चोळू नका, दाबू नका, आत रुतलेलं काही ओढून काढू नका. वर कागदी कप धरून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. कार्बाइड गेलं असेल, तर मात्र आधी भरपूर पाण्याने डोळा धुवा, कारण त्याचा चुना होतो आणि तो बुबुळ जाळत राहतो.