आपोआप बदलणारे गिअर आणि तीन मिलिमीटरची फट

साधी मोटार घाट चढू लागली की ड्रायव्हरच्या डाव्या हाताला आणि डाव्या पायाला उसंत नसते. क्लच दाबा, गिअर बदला, क्लच सोडा. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. पण काही मोटारींत क्लचचे पायडल मुळी नसतेच. ड्रायव्हर फक्त ॲक्सिलरेटर आणि ब्रेक सांभाळतो, गिअर आपोआप बदलत राहतात. मग हे काम करते कोण? गिअरबॉक्सच्या पोटात फिरणारे काही लिटर तांबडे तेल!

या तेलाचा कारभार समजून घ्यायचा असेल, तर असा गिअरबॉक्स मोटारीतून उतरवून त्या जागी दुसरा चढवताना काय काय करावे लागते ते पाहावे. त्यासाठी आपण एका प्रसिद्ध अमेरिकन स्पोर्ट्स मोटारीचे उदाहरण घेऊ.

शेव्हरोले कंपनीची ‘कॉर्व्हेट’ १९५३ साली बाजारात आली. पहिल्या वर्षी तयार झालेल्या ३०० मोटारींची अंगे फायबरग्लासची होती, आणि त्या सर्वांना दोन गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. पुढे १९७९ सालच्या अनेक कॉर्व्हेटमध्ये ‘टर्बो हायड्रामॅटिक ३५०’ हा तीन गिअरांचा गिअरबॉक्स बसवलेला असे. १९८२ च्या कॉर्व्हेटला मात्र ‘७००आर४’ हा चार गिअरांचा गिअरबॉक्स मिळाला. जुन्या कॉर्व्हेटचे शौकीन आपल्या मोटारीचे इंजिन सुधारून घेतात, तेव्हा पुष्कळदा तीन गिअरांचा गिअरबॉक्स काढून हा चार गिअरांचा बसवतात.

बदल कशासाठी?

याचे उत्तर गणितात आहे. जुन्या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.५२, तर नव्याचे ३.०६. म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर पहिल्या गिअरमध्ये सुमारे २१ टक्के अधिक वाढून चाकांकडे जातो आणि मोटार जागेवरून झटक्यात सुटते.

दुसरा फायदा वेगात असतानाचा. जुन्याचा शेवटचा गिअर १ : १, नव्याचा ०.७०. समजा, मागच्या धुरीवरील दातेरी चक्रांचे गुणोत्तर ३.५५ आहे आणि चाकाचा परीघ २.१ मीटर आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ७९४ फेरे घेईल. जुन्या गिअरबॉक्सने इंजिनाला मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घ्यावे लागतील, नव्याने २,००० पेक्षाही थोडे कमी. वेग तोच, पण आवाज कमी, झीज कमी आणि पेट्रोलचा खर्चही कमी. हे आकडे तुम्ही स्वतः पडताळून पाहा.

तेलातले पंखे

आता आत डोकावू. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ‘टॉर्क कन्व्हर्टर’ नावाचे तेलाने भरलेले, फुगीर आणि बंद भांडे असते. भांडे इंजिनाबरोबर फिरते. त्याच्या एका बाजूला आतून पाती असतात. ती तेल भिरकावतात. समोर दुसरा पंखा असतो. तेलाच्या माऱ्याने तो फिरतो आणि गिअरबॉक्सचा दांडा फिरवतो. दोन्ही पंखे एकमेकांना कुठेही चिकटलेले नसतात. म्हणूनच मोटार सिग्नलला उभी असताना इंजिन चालू राहू शकते.

दोहोंच्या मध्ये तिसरे, लहान पंख्यासारखे चक्र असते. दुसऱ्या पंख्याकडून परतणारे तेल उलट दिशेने येऊन पहिल्याला अडवू पाहते. हे मधले चक्र त्या तेलाची दिशा वळवून त्याचा धक्का पहिल्याच्याच मदतीला लावते. त्यामुळे मोटार सुटताना इंजिनाचा जोर साधारण दुपटीपर्यंत वाढतो. ही कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर याची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले, आणि तेही मोटारींसाठी नव्हे तर जहाजांसाठी!

कन्व्हर्टरच्या मागे ग्रहमालेसारखी दातेरी चक्रे असतात. मध्ये ‘सूर्य’, त्याभोवती ‘ग्रह’ आणि बाहेरून दातेरी कडे. सर्व दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. कोणते चक्र धरून ठेवायचे आणि कोणते फिरवायचे, यावर गिअर ठरतो. सूर्याला ३० दाते आणि कड्याला ६० असतील, आणि कडे धरून ठेवून सूर्य फिरवला, तर सूर्याच्या तीन फेऱ्यांत ग्रहांची चौकट एकच फेरा घेते.

चक्रांना धरून ठेवतात क्लचच्या चकत्या, आणि या चकत्या दाबते तेल. येथे पास्कलचा नियम कामाला येतो. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलो आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर धरले, तर चकत्यांवर ८०० किलोंचा भार पडतो. हा दाब निर्माण करणारा पंप गिअरबॉक्सच्या तोंडाशीच असतो आणि त्याला फिरवते ते कन्व्हर्टरची मागची नळी. ही गोष्ट ध्यानात ठेवा. सारे काम पुढे तिच्यावरच अडणार आहे.

गिअरबॉक्स उतरवताना

प्रथम बॅटरीची तार सोडवतात. मोटार उचलून चारही बाजूंनी भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. मग तळाचे भांडे सोडून तेल काढतात. पण निम्म्याहून अधिक तेल कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये राहतेच. त्यानंतर प्रॉपेलर शाफ्ट, गिअरची दांडी, वेगमापकाची तार आणि तेल थंड करण्यासाठी रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या सोडवतात.

कन्व्हर्टर इंजिनाच्या पातळ पोलादी चकतीला तीन बोल्टांनी जोडलेला असतो. इंजिन हाताने थोडे थोडे फिरवून एकेक बोल्ट समोर आणतात आणि काढतात. गिअरबॉक्सखाली जॅक लावून मगच त्याचा आडवा आधार काढतात. आधार निघाला की इंजिनाची मागची बाजू खाली झुकते आणि तिथे असलेला डिस्ट्रिब्यूटर मागच्या पत्र्यावर आदळू शकतो. म्हणून इंजिनाखाली लाकडी फळी घालून टेकू देतात. शेवटी कन्व्हर्टरला गिअरबॉक्सला धरूनच मागे सरकवतात. तो पुढे घसरला तर तेलासकट पायावर पडेल.

चढवताना

नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा सुमारे तीन इंच लांब. म्हणून प्रॉपेलर शाफ्ट तेवढा कापून, पुन्हा जोडून त्याचा तोल तपासावा लागतो आणि आडवा आधारही मागे न्यावा लागतो. रेडिएटरकडच्या नळ्या धुऊन घेतात, नाहीतर जुन्या क्लचचा जळका चुरा नव्या गिअरबॉक्समध्ये शिरेल.

आता खरी कसोटी. कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर बसवताना तो एकाच वेळी तीन ठिकाणी गुंतायला हवा: गिअरबॉक्सच्या दांड्याच्या खाचांत, मधल्या चक्राच्या आधाराच्या खाचांत आणि पंपाच्या चक्रात. मेकॅनिक तो हाताने फिरवत फिरवत आत ढकलतो. प्रत्येक टप्प्याला तो ‘खट्’ करून थोडा आत जातो.

तिसरा ‘खट्’ झाला नाही तर? बाहेरून सारे ठीकच दिसते. मेकॅनिक गिअरबॉक्स इंजिनाला लावतो, थोडी फट उरते, आणि बोल्ट आवळून ती बुजवावी असा मोह होतो. पण बोल्टांची ताकद प्रचंड. कन्व्हर्टरची नळी पंपाच्या चक्रावर दाबली जाते आणि पंप फुटतो. पंप गेला की दाब गेला, दाब गेला की क्लच गेले. सारा गिअरबॉक्स पुन्हा खाली!

म्हणून शहाणा मेकॅनिक आधी इंजिन व गिअरबॉक्स यांच्या कडा हाताच्या जोराने जुळवतो. बोल्ट घट्ट केल्यावर कन्व्हर्टर हाताने सहज फिरतो का पाहतो आणि तो व पोलादी चकती यांमधली फट मोजतो. ती साधारण ३ ते ५ मिलिमीटर हवी. फट असेल तर कन्व्हर्टर पुरता आत बसला आहे. मग तो पुढे ओढून त्याचे तीन बोल्ट लावायचे.

एका तारेचे महत्त्व

आणखी एक धोका आहे. इंजिन जितके जोर लावील तितका क्लचवरील तेलाचा दाब वाढला पाहिजे, नाहीतर चकत्या घसरतील. जुन्या गिअरबॉक्सला इंजिनावरील भाराची खबर मुख्यतः निर्वाताच्या एका नळीतून मिळे. नव्याला ती कार्ब्युरेटरपासून आलेल्या एका तारेने मिळते. सुधारलेल्या इंजिनावर कार्ब्युरेटर वेगळा असला, तर त्याच्या दांडीची लांबी आणि कोन बदलतात आणि तार पुरेशी ओढली जात नाही. इंजिन जास्त ताकदवान आणि तेलाचा दाब मात्र कमी! चकत्या घसरून तापतात आणि थोड्याच अंतरात जळून जातात. म्हणून ही तार बरोबर जुळल्याशिवाय मोटार रस्त्यावर नेत नाहीत.

करून पाहा

दोन टेबलपंखे समोरासमोर जवळ ठेवा. जाळ्या काढू नका. एकच चालू करा. दुसऱ्याची पिन काढलेलीच असू द्या. दुसराही फिरू लागेल. त्याचा वेग पहिल्याइतका होतो का? अंतर वाढवल्यावर काय होते? हवेच्या जागी तेल कल्पून पाहा.

आता एक कोडे. बॅटरी उतरली की साधी मोटार ढकलून चालू करता येते. कॉर्व्हेटसारखी स्वयंचलित गिअरांची मोटार मात्र कितीही ढकलली तरी चालू होत नाही. असे का? पंपाला कोण फिरवते ते आठवा, म्हणजे उत्तर सापडेल.