चेहऱ्याची त्वचा कोणत्या प्रकारची? घरच्या घरी ओळखूया



आठवी-नववीत गेलं की मुलं आरशासमोर जास्त वेळ उभी राहू लागतात. "मॅडम, पिंपल्सवर काय लावू?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. काही लावण्याआधी आपली त्वचा कशी आहे हे माहीत हवं. त्याला ना पार्लर लागतं, ना पैसा.

त्वचेतल्या तैलग्रंथी सीबम नावाचा तेलकट पदार्थ तयार करतात. तो कमी असला तर त्वचा कोरडी, जास्त असला तर तेलकट. किशोरवयात संप्रेरकांमुळे या ग्रंथी जोरात काम करतात. म्हणून मुरुमं येणं म्हणजे अस्वच्छ असणं नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगा.

कृती :

१) सौम्य साबणाने चेहरा धुवा. पुसताना घासू नका, टिपून घ्या.
२) क्रीम, पावडर, तेल काहीही न लावता सावलीत एक तास बसा. चेहऱ्याला हात लावू नका.
३) टिश्यू पेपरचे किंवा पातळ कोऱ्या कागदाचे चार तुकडे घ्या. कपाळ, नाक, हनुवटी आणि गाल यांवर एकेक हलकेच दाबा.
४) कागद दहा मिनिटं वाळू द्या, मग उजेडासमोर धरा.

चौथी पायरी आपल्याकडे फार महत्त्वाची. यवतमाळात मे महिन्यात पारा कित्येकदा ४४ अंशांच्या आसपास असतो. घामाने ओला झालेला कागद पाहून मुलं "माझी स्किन ऑइली" म्हणून मोकळी होतात. पण घाम वाळून जातो, तेलाचा पारभासक डाग तसाच राहतो. विज्ञानाच्या तासाला स्निग्ध पदार्थ ओळखायला आपण कागदावर घासतो ना, तीच ही चाचणी!

निष्कर्ष :

• चारही कागदांवर डाग – तेलकट त्वचा
• कपाळ, नाक, हनुवटीवर डाग, गालावर नाही – मिश्र त्वचा
• डाग नाही, चेहरा ओढल्यासारखा वाटतो, पापुद्रे निघतात – कोरडी त्वचा
• डाग अगदी पुसट, ओढही नाही – सामान्य त्वचा

संवेदनशील त्वचा मात्र कागदावर दिसत नाही. साबण किंवा क्रीम लावल्यावर आग, खाज, लाली येत असेल तर ती संवेदनशील समजा. हीच चाचणी डिसेंबरात आणि पावसाळ्यात पुन्हा करा. ऋतूप्रमाणे निकाल बदलू शकतो.

मग करायचं काय?

तेलकट त्वचा दिवसातून दोनदा धुतली तरी पुरे. सारखी धुतली, घासली तर ती चिडते. मुरुमांवर खोबरेल तेल, टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा नको. कोरड्या त्वचेला अंघोळीनंतर लगेच ग्लिसरीन किंवा पेट्रोलियम जेली लावा.

सावधान!

"आठ दिवसांत गोरेपण" म्हणून दिल्या जाणाऱ्या काही मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टिरॉइड्स असतात. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ व लाल होते, मुरुमं वाढतात, लव येते. मलम थांबवलं की चेहरा आणखी भडकतो. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडांची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ट्यूबवरची नावं मुलांना वाचायला शिकवा. असं मलम आधीच सुरू असेल तर ते कसं थांबवायचं हे डॉक्टरांनाच विचारा.

आणखी एक. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो त्वचेचा प्रकार नाही. कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. उपचार मोफत आहेत आणि रोग पूर्ण बरा होतो.

लक्षात ठेवा, त्वचेचा प्रकार म्हणजे त्वचेचा रंग नव्हे. या चाचणीत कोणी पास-नापास होत नाही. वर्गात घेताना निकाल ज्याचा त्याच्या वहीतच राहू द्या.